सोवळं

बाहेर जळगावचा मे, पंचेचाळीस अंश,
आत आम्ही अकरा बायका, पंचवीस अंशांत.
चपला दाराबाहेर, केस टोपीत,
बांगड्या डब्यात, तोंडाला फडकं,
कोपरापर्यंत स्पिरिट.
बोलायचं नाही. शिंकायचं तर मुळीच नाही.
पहिल्या दिवशी मला घरचे पापडाचे दिवस आठवले,
उंबऱ्याबाहेर बसून मी नुसत्या लाट्या मोजायची.
"शिवू नको, नासतील."

इथे ज्योतीवर चिमटा लाल होतो.
केळीच्या कोंबाचा हरभऱ्याएवढा गाभा
मी बाटलीतल्या खळीवर ठेवते.
एकाचे चार, चाराचे सोळा.
आज तुझा कितवा, हे कुणी विचारत नाही.
विज्ञानाचे एवढे उपकार मी मानत होते.

जूनमध्ये सातव्या रॅकवर बुरशी आली,
मांजराच्या पिल्लासारखी मऊ, पांढरी.
तीनशे बाटल्या.
आणि बोलायचं नाही अशा त्या खोलीत
कुजबुज उठली : कुणाचा हात लागला?
सायराचा, म्हणाली एक. तडव्याची ना ती.
दुसरी माझ्याकडे पाहून गप्प झाली.
पांढऱ्या कोटाच्या आत
आम्ही घरून काय काय घालून येतो!

फिरके सरांनी कुणालाच काही विचारलं नाही.
काचेच्या ताटल्या उघड्या ठेवल्या,
दारात, टेबलांवर, एसीखाली,
झाकल्या, तारीख घातली
आणि तीन दिवस थांबले.
आम्हाला ते थांबणं जड गेलं.
संशयाला इतका वेळ लागत नसतो.
चौथ्या दिवशी एसीखालची ताटली
पिंजलेल्या कापसासारखी फुलली होती.
बाकी कोऱ्या. सायराच्या टेबलावरची. माझ्याही.

हेच सर दसऱ्याला यंत्राला कुंकू लावतात,
नारळ मात्र बाहेर फोडतात,
मग स्पिरिटच्या बोळ्याने कुंकू पुसून काढतात.
मी विचारलं, तर म्हणाले, दोन्ही करावं लागतं.
कुणासाठी, ते म्हणाले नाहीत.

आप्पांनी पाचशे रोपं रावेरला नेली.
एक तळहातावर धरून म्हणाले,
"सगळी येकच दिसतात. याच्यातली माय कोन्ती वं?"
माय नाही, नंबर आहे, मी म्हटलं.
त्यांना ते पटलं नाही. तोंडातून गेल्यावर मलाही.
मग त्यांनी जुन्या बागेतली ओंजळभर माती आणली,
गांडुळासकट, शेणासकट,
आणि माझ्या इतक्या महिन्यांच्या सोवळ्यावर टाकली.
सवयीनं हात पुढे गेला अडवायला.
मग आठवलं, सर शिकवतात तेच :
मातीतल्या जिवांनी शिवल्याशिवाय
बाटलीतलं रोप तगत नाही.
"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"
"सांगाले काय लागते? नव्या सुनेले घरचं पानी पाजा लागते."

त्या मातीत मर रोगही असू शकतो.
चिमूटभर मी कागदात बांधून घेतली, तपासायला.
उरलेली नखांत जाऊ दिली.
सोमवारी घासून काढावी लागेल,
कोपरापर्यंत.