ऊन व्हाळ

शीट नंबर एकशे सात. निळी तुटक रेघ,
शेजारी बारीक अक्षरांत : खासगी नाला, गिरणीचा.
ड्रेनेज खात्यातल्या नोकरीत
ही रेघ मी तीनदा ट्रेस केली,
आणि तिन्ही वेळा हात
वाकडीच्या चाळीमागे जरा अडखळला.
तिथे आमची खोली होती. नकाशात ती नाही.

नदीला उगम असतो, याला पावती होती.
पोशट्टी मुकादम, बत्तीस कामाठी, त्यांच्या बायका टोपल्यांवर,
एका उन्हाळ्यात खणून दोन हजार एकशे चाळीस फूट,
काठ काळ्या दगडाचे, चुन्यात बसवलेले.
इंजिनाला तहान लागते म्हणून तलाव,
पाणी प्यालेलं इंजिन घामेजतं म्हणून हा.
रंगखात्याला वळसा घालून,
भंडाऱ्यांच्या सात ताडांना चुकवून
(चुकवलं कोर्टानं, खटला चार वर्षं चालला)
शिवडीच्या चिखलात निमूट जाऊन पडायचा.

साताऱ्याकडचे ओढा म्हणत, आमच्याकडचे व्हाळ.
शेठच्या वहीत ड्रेन, डागडुजी रुपये बारा.
शेवटी व्हाळ टिकला,
आमच्या बाजूला खानावळी जास्त होत्या.
ऊन व्हाळ. पाणी ऊन म्हणून ऊन.
रातपाळी सुटली की माणसं काठावर रांगेनं बसत
गुडघ्यापर्यंत पाय सोडून.
कुणी बोलत नसे.
कानातले साचे थांबायला तेवढा वेळ लागायचा.

लढाईच्या वर्षी मिलिटरीची ऑर्डर आली
आणि ठकूबाईची पांढरी बदकं खाकी झाली.
चाळीत म्हणाले, भरती झाली.
ठकूबाई महिनाभर कुणाशी बोलली नाही,
अंडी मात्र विकत राहिली.

आबा झडपेवर होते.
शिवडीला समुद्र चढला की लोखंडी चाक फिरवायचं,
नाहीतर खारं पाणी उलटं तलावात, बॉयलरच्या पोटात.
घड्याळ नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची,
तेवढे वाजता भरती.
पगारपत्रकावर हेल्पर कोचरेकर.
ते स्वतः सांगत, मी चंद्राच्या नोकरीत आहे,
गिरणी नुसता पगार देते.

संपाच्या तिसऱ्या दिवशी मी पाय घातला,
पाणी गार.
तेव्हा कळलं, पेपरातून कळलं नव्हतं.
आईनं आंघोळीच्या हंड्यासाठी
पहिल्यांदा रॉकेल मोजलं.
आबा तरी जात राहिले, सात महिने,
अष्टमीला, अवसेला, ठरल्या वेळी.
कुणी हटकलं तर म्हणत,
समुद्र कुठे संपावर आहे?

मग स्लॅब. स्लॅबवर पेव्हर ब्लॉक.
सातांतला एक ताड उरला,
त्याला दिव्यांची माळ.

परवा टॉवरचा तरुण इंजिनिअर पत्ता काढत आला.
काका, तिसऱ्या तळघरात पाणी येतंय,
पंप लावला, परत येतं. तुमच्या नकाशात कुठला पाइप?
पाइप नाही, म्हटलं. कधी येतं?
सोमवारी बाराला. काल पावणेएकला.
रोज पाऊण तास पुढे सरकतंय, टायमर लावल्यासारखं.

मी विचारलं,
खोदताना लोखंडी चाक सापडलं का, एवढं, आठ आऱ्यांचं?
तो खूश झाला. हो तर, लॉबीत आहे,
सोनेरी रंग देऊन भिंतीवर लावलंय,
लोक त्याच्यासमोर फोटो काढतात.

दशमीला या, म्हटलं, साडेसातला येईल.

आज दशमी. सात वाजून वीस मिनिटं.
तो घड्याळाकडे बघतोय, मग पंपाकडे, मग माझ्याकडे.
मी दोन गाड्यांच्या मध्ये
प्लास्टिकची खुर्ची मागून घेतलीय,
आणि बूट, मोजे काढून
बाजूला नीट ठेवलेत.