अकरा

डॉक्टर गुंजीकरांनी आरसा हातात दिला
आणि म्हणाल्या, रागवा.
कुणावर?
कुणावरही.
मी वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांच्या पाण्यावर रागावले
तशा भुवयांच्या मधोमध दोन रेघा उभ्या राहिल्या.
याला आम्ही अकरा म्हणतो, त्या म्हणाल्या.
इंग्रजी अकरा.
आणि पांढऱ्या पेन्सिलीने पाच ठिपके काढले.

कर्वे रोडला, बँकेच्या वर, जिन्यात फिनेलचा वास.
तीस वर्षं मी स्कूटरवर स्कार्फ गुंडाळून हिंडले,
सिग्नलला सख्खी बहीण शेजारी थांबली
तरी तिने ओळखलं नसतं.
ऊन मात्र ओळखत होतं.

आता डॉक्टर एकेक उलगडून दाखवतात
लक्ष्मी रोडच्या गादीवर पदर उलगडावेत तशा.
बोटॉक्स : स्नायू झोपतो, तीनचार महिने.
पैसे युनिटवर.
फिलर : गाल जिथे आत गेला तिथे भर.
महापालिकेसारखं, मी म्हटलं.
त्या हसल्या असाव्यात.
त्यांच्या कपाळावरून काही कळलं नाही.
बूस्टर : आकार बदलत नाही, नुसता ओलावा धरतो.
मग माझंच रक्त काढून, गरागरा फिरवून,
वरचं पिवळं पाणी मला परत.
(भिशीच की ही. फक्त मी एकटीच.)
आणि एक नवीन आलंय, सालमन माशापासून.
चतुर्थीला चालतं का
हे विचारायचं राहून गेलं.

तुम्ही काय करता, त्यांनी विचारलं.
शिकवते. मूकबधिर शाळेत.
मग थोडं समजावून सांगावं लागलं :
तू जेवलास,
तू जेवलास का,
यात हात तेच असतात.
प्रश्न भुवयांत असतो.
भुवया उचलल्या नाहीत
तर मी दिवसभर पोरांना नुसती सांगत सुटेन,
विचारणार काहीच नाही.
डोस हलका ठेवू, डॉक्टर म्हणाल्या.
थोडं विचारता येईल.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
आमच्याकडे प्रत्येकाचं हाताचं एक नाव असतं.
माझं, चौथीतल्या असिया मुजावरने ठेवलेलं :
दोन बोटं, भुवयांच्या मधे, उभी.
तेव्हा मी बत्तीसची होते आणि फार चिडायची.
चार दिवस त्या नावावरही चिडले,
त्यामुळे ते पक्कंच झालं.
असिया आता हडपसरला कापडावरची डिझाइनं करते.
परवा मगरपट्ट्याच्या चौकात
चार लेन, दोन पीएमटी आणि एका क्रेनच्या पलीकडून
तिने मला हाक मारली.
ती दोन बोटं.
सगळे हॉर्न वाजत होते आणि मला ऐकू आलं.

कपाळ पुसा, मी म्हटलं.
डॉक्टरांनी स्पिरिटच्या बोळ्याने पाचही ठिपके पुसले,
गार वाटलं.
गालांना मात्र बूस्टर घेतला. हो, घेतला.
चौदा हजार, कार्डावर.
नव्या फ्रिजचे होते.
मी काही साध्वी नाही,
आणि जुना फ्रिज अजून आवाज करत का होईना, चालतो.

दुसऱ्या दिवशी तिसरीच्या ओजस पोटघनने
माझ्या गालावरच्या सुयांच्या खुणा मोजल्या.
बोट दाखवलं. भुवया वर.
डास?
डास, मी सांगितलं.
एवढे?
एवढे.
तो बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिला,
मी फळा पुसायला वळले.

त्याच्या पुढच्या दिवशी
त्याने दप्तरातून ओडोमॉस काढलं,
अर्धी संपलेली, शेपटाकडून गुंडाळत आणलेली ट्यूब.
आईने दिलीय, म्हणाला.
चोवीस तास तरी काही लावू नका, असं सांगितलं होतं डॉक्टरांनी.
मी घड्याळ बघितलं.
मग त्याच्यासमोर
दोन्ही गालांना लावलं.