डाख पळतो तेव्हा

नथूआप्पा दुसान्यांनी मला पहिले चार महिने
नुसती तार ओढायला लावली.
जंतरपट्टीचं एक भोक, मग त्याहून बारीक,
मी कमरेला पट्टा बांधून मागे मागे सरकायचे
सराफ बाजारातल्या त्या दीड खणाच्या दुकानात
पाठीला जिना लागेपर्यंत.
"केसाला लाजवेल अशी आली की सांग."
आली. सांगितलं.
त्यांनी न बघता बोटावर घेतली, म्हणाले,
"कुणाच्या केसाला? घोड्याच्या?"

त्याआधी मी अंबडला मोटारींच्या कॉइल भरायचे.
दिवसाला दोनशे. तांब्याची तार, व्हार्निशचा वास,
वेढे मोजणारं यंत्र.
इथं वेढे कुणी मोजत नव्हतं,
चुकलेला मात्र लगेच सापडायचा.

आप्पा म्हणायचे, डाख डोळ्यांनी देत नसतात, कानांनी देतात.
सवागी आधी भाकरीसारखी फुगते,
कुरकुरते, बसते,
मग एकदम गप्प.
त्या गप्पात डाख पळतो.
अर्धा श्वास उशीर झाला
की महिन्याभराची जाळी
आकसून ज्वारीच्या दाण्याएवढी.
माझे असे सात दाणे त्यांनी काडेपेटीत जपले होते.
ते गेल्यावर मुलाने ती काडेपेटी मला दिली,
फुंकणी आणि दोन चिमट्यांसकट.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मी शिकवते पंचवटीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.
गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं,
तेवढा वेळ आम्ही फक्त नक्षी काढतो, तीही स्क्रीनवर.
बागेसरी नाही, गॅसची टॉर्च आहे.
उन्मेषला कोयरी नको, मोर नको,
तो स्लॅबखाली गेलेले शहरातले नाले
तारेत आखतो, कोटाला लावायला.
गिऱ्हाईक विचारतं, वजन किती?
चार ग्रॅम चांदी, बाकी हवा.
हवेचे पैसे मागताना
माझा आवाज अजून बसतो.

आणि सायमा अत्तार, भद्रकालीची.
दोन्ही कानांमागे यंत्रं, केसांखाली झाकलेली.
टॉर्च पेटवायची झाली की ती काढून डबीत ठेवते,
ज्योतीची फरफर म्हणे डोक्यात घुसते.
आणि मी तीन आठवडे तिला सांगत होते,
ऐक. कुरकुर थांबली की ज्योत सरकव. ऐक ना.
एवढी मी आप्पांची शिष्या.

तिचं एकही काम वितळलं नाही.

शेवटी विचारलं, पाटीवर लिहून.
ती म्हणाली, "सवागीची काच होते ना मॅडम,
तिच्यात ही खिडकी दिसते.
गजांसकट.
खिडकी दिसली की सरकवते."

बावीस वर्षं त्या थेंबाकडे कान लावून बसले,
त्यात खिडकी असते हे मला ठाऊक नव्हतं.
कान सोनारानेच टोचावेत म्हणतात.
माझे टोचले अत्तारांच्या पोरीने.

आता ती यंत्रांवर बसतील अशी दोन जाळीची कवचं करतेय,
द्राक्षवेलीच्या ताण्यासारखी, टोकाला अर्धा वेढा सैल.
पहिली जोडी जड झाली, कान खाली ओढायची.
दुसरीने यंत्र शिट्टी मारायला लागलं.
आई म्हणते, जे झाकायचं ते चांदीत कशाला मढवायचं?
सायमाने केस कापून घेतलेत.

काल सगळे गेल्यावर मी कानांत कापूस कोंबला,
तिची जागा घेतली, टॉर्च पेटवली.
सवागी फुगली. बसली. चकाकली.
मी वाकले. एक गज दिसला, मग दुसरा,
मग उभी खिडकी,
तिच्यात निमाणीकडे वळणारी बस,
आणि मी बघतच राहिले.

मागे वळले तर सायमा दारात,
विसरलेली डबी न्यायला आलेली.
हसली नाही.
फळीवरची काडेपेटी काढून
तिने माझ्यापुढे उघडी धरली.