खळ

गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवली,
तीनदा गाळली, साय धरावी इतकी मऊ.
जपानी कागदाच्या पट्ट्या कात्रीनं कापायच्या नाहीत,
पाण्याची रेघ ओढून फाडायच्या.
मग कडेला तंतू सुटतात,
आणि धरून ठेवतात ते तंतूच.

पट्टी पोस्टरहून दुबळी हवी, मी जासिंतुला सांगते,
धक्का बसला तर तिनं तुटावं.
तो नवा आहे. मजबूत ते चांगलं, असं त्याला अजून वाटतं.

सेतूबालच्या या संग्रहालयात तीन महिने,
पन्नास लक्सचा उजेड, काच बोटभर लांब,
मग पुन्हा खणातला अंधार.
छापणाऱ्यानं त्याला आठवडाभराचंच आयुष्य दिलेलं:
मार्च एकोणीसशे पंच्याहत्तर.
गुरुवारी रात्री, सार्डिनच्या कारखान्यामागे,
वाचायला शिका. फुकट. मुलं आणली तरी चालेल.
खाली एक हात, हातात पेन्सिल.

तिरप्या दिव्याखाली धरलं तेव्हा दिसलं,
भिंतीवरच्या त्या जुन्या खळीचे ओघळ
वर चढत होते.
सगळेच्या सगळे, मथळ्याच्या दिशेनं.

दमट हवा असेल, जासिंतु म्हणाला.
दमट हवेला काय एवढी शिस्त असते?

पहाऱ्यावरची अदुझिंदा गुडघा दाबत आली,
पाहिलं, आणि हसत सुटली,
तिला खुर्ची द्यावी लागली.
‘आम्हीच. मी आणि क्रेमिल्द.
बादली कारखान्याची, पीठ घरचं,
हाताला मासळीचा वास, आणि काळोख.
आम्हाला वाटलं, मेणबत्तीचं चित्र आहे.
मेणबत्ती कुणी उलटी धरतं का?’

मग कुणी आलं?
‘आल्या की. मास्तरीण मान वाकडी करून
मोठ्यानं वाचून दाखवत होती रस्त्यात.
नंतर तिनंच ते हलक्या हातानं सोलून आणलं
आणि पहिल्या गुरुवारी पहिला धडा दिला,
वर कुठलं, खाली कुठलं.’

पाठीला अजून भिंतीचा चुना आहे.
साहेब विचारून गेले, हे ओघळ निघतील का?
निघतील. कोमट पाणी, कापसाचा बोळा, एक दुपार.
बघते, म्हटलं.
बघते आहे अजून.

नियमात बसत नाही, पण दुसरी पट्टी
मी अदुझिंदाला लावू दिली.
तिनं ब्रश असा बुडवला, जणू समोर बादली.
थोडीच, मी ओरडले.
‘आम्ही तेव्हा चिक्कू नव्हतो,’ ती म्हणाली,
आणि तरी काठावर ब्रश निथळला.

पोस्टर पालथं होतं, अक्षरं मेजाकडे तोंड करून.
पट्टी ठेवण्याआधी
तिनं कोपरा हळूच उचलला,
खाली वाकून ओठ हलवत वाचलं,
वर कुठलं ते पाहिलं.
मग पुन्हा एकदा पाहिलं.