साक्षीदार क्रमांक चार

क्लबचं पत्रक शुक्रवारी संध्याकाळी आलं,
वार्ताहर कोट चढवून घरी निघतात त्या वेळेला.
सत्तेचाळीस पानांच्या अहवालातली तीनच पानं,
त्यांतही ओळींवर जाड पट्ट्या ओढलेल्या.
पांढऱ्यावर काळं म्हणतात ते हेच की काय,
क्लिफर्ड ऑर्मरॉड म्हणाला,
आणि हसता हसता स्वतःच थांबला.

ब्रॅकनशॉत गिरण्या बंद पडल्यापासून
शनिवार सोडून वार उरलेला नाही.
‘विणकर’ पबात आम्ही सातआठ जण,
ओले मफलर रेडिएटरवर,
दोन-शून्यनं हरून आलेलो,
पण हरण्याचं कुणी नाव काढत नव्हतं.

“चौकशी झाली ना? मग संपलं.”
“क्लबची चौकशी क्लबच्याच वकिलानं,” विनी हॅस्लम म्हणाली,
“उंदराला मांजर साक्ष.”
“गॉरिंजनं बारा वर्षं पोरं घडवली. एका शब्दापायी—”
“एक? रोजचा होता. हजेरी घ्यावी तसा.”
“थट्टेत म्हणाला. लिहिलंय, पान दोन.”
“थट्टा कुणाची, ते पट्टीखाली गेलंय.”
इम्तियाझनं बिअरच्या गोल पुठ्ठ्यावर हिशेब मांडला:
गॉरिंजला दोन दिवसांचं प्रशिक्षण, जेवणासकट.
तफाराला लोनवर धाडलं, समुद्रकाठच्या कुठल्याशा क्लबात,
त्याच्याच भल्यासाठी.
“आता सांगा, शिक्षा कुणाला?”

मग कुणीतरी तिसरं पान मोठ्यानं वाचलं.
*साक्षीदार क्रमांक चार, सराव मैदानावरील कर्मचारी,
दहा फुटांवर हजर.
किटलीच्या शिट्टीमुळे शब्द ऐकू आला नाही.*

“हा प्रामाणिक माणूस,” क्लिफर्ड म्हणाला,
“ऐकलं नाही, तर नाही म्हणाला.”
“शेपूटघालू,” विनी म्हणाली. “भेटू दे.”
मी चिप्सवर व्हिनेगर शिंपडत होते.
फार झालं. तरी खात राहिले.

त्या खिडकीतून चहा मी देते, एकोणीस वर्षं.
तफारा दोन साखर घेतो,
कप विसळून परत आणतो. सतरा वर्षांच्या पोरांत असा एकच.
शब्द खिडकीतून आत आला
तेव्हा तो विसळतच होता.
नळ बंद केला, कप पालथा घातला,
माझ्याकडे बघितलं, तक्रारीनं नाही,
कुणी घरात आहे का, एवढंच बघावं तसं.
मी कोरडा ओटा पुसत राहिले.

वकीलबाई गोड होत्या. “नक्की ना?” दोनदा विचारलं.
माझ्या नवऱ्याला खांदा देणाऱ्या सहांत
एक गॉरिंज होता. भर थंडीत, बिनहातमोज्यांचा.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
शिट्टीचं सांगितलं.

कोपऱ्यात डेन्झिल बॅप्टिस्ट.
जन्मभर चौसष्ट नंबरची बस चालवली,
मागे कितीही गोंगाट असो, नजर रस्त्यावर.
सगळे एकदम त्याच्याकडे वळले, नेहमी वळतात तसे,
जणू या विषयाची किल्ली त्याच्याच खिशात.
“तू सांग, डेन्झिल.”
“मी काय सांगू? मी डोमिनिकाचा, पोरगा हरारेचा.
शब्द इथला आहे.
तुमचा तुम्हाला जास्त माहीत.”

टोपी घातली. कोटाची बटणं सावकाश लावली.
“एवढंच की, त्या खिडकीतली किटली विजेवरची आहे.
मागच्या नाताळात आपणच वर्गणी काढून दिली.
पाणी उकळलं की टक् करून बंद होते.
शिट्टी नाही तिला.”
जाताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.
बघायला हवं होतं.

क्लिफर्डला नीट ऐकूच आलं नव्हतं,
तो आता मधल्या फळीला शिव्या देत होता.
वर्गणीची वही विनीकडे असते.
तिनं ग्लास खाली ठेवला.
“आयलीन,” म्हणाली,
आणि पुढे काहीच नाही.