मुदत

सायमा, वेंगुर्ल्यात बंदराच्या रस्त्याला
गाळा घेतलास म्हणे, वरच्या मजल्यावर.
बरं केलंस. खालचा घेतला असतास
तर आषाढात फायली पावासारख्या फुगल्या असत्या.

टेबल कसलं घेऊ, विचारलंस.
टेबल नंतर. आधी स्कॅनर,
आणि त्याच्याही आधी सवय:
कागद हातात आला की त्याची प्रत काढायची,
मग पक्षकाराला चहा.
माझ्या देवगडच्या कपाटात एक सातबारा आहे,
वाळवीने त्यात मधोमध खाडी खणलीय.
दोन्ही काठांचे सहहिस्सेदार
आता तीच हद्द धरून भांडतात.

बाबल मिठबावकर तुला आठवतात.
चाळीस वर्षं कारकून, खिशात तंबाखूची पुडी
आणि डोक्यात कोर्टाचं अख्खं बोर्ड.
"म्याडम, मोबायलाक काय कळता?
आजगावकराची तारीख सतरा. साक्षीदार येवचो नाय."
आणि नसेच येत साक्षीदार.
अशी यंत्रणा मोठ्या फर्मकडेही नाही,
मी सांगत फिरायचे.

एका नोव्हेंबरात ते जिन्यात बसले.
उजवी बाजू गेली. बोलणं गेलं.
कणकवलीच्या हॉस्पिटलात मी उशाशी होते,
आणि खरं सांगते, त्यांच्या कपाळाकडे
कुलूप लागलेल्या दफ्तराकडे बघावं तशी बघत होते.

हमीद होडेकरांचं अपील त्या दफ्तरात होतं.
जेटीकडे जायची वाट, साडेपाच फूट रुंद.
हुकूमनाम्यापासून तीस दिवस.
मला आठवलं तेव्हा बरेच उलटले होते.
नकलेचे दिवस वजा करून पाहिले, पुन्हा पाहिले,
आकडा काही माझ्या बाजूला येईना.
उशीरमाफीचा अर्ज मीच लिहिला.
कारण: वकिलाच्या कार्यालयात तारीख नोंदलेली नव्हती.
एवढंच वाक्य. त्याला दुपार गेली.

हमीदभाई रागावले नाहीत, तेच जड गेलं.
म्हणाले, "बोटीवर पण एकट्याच्या डोळ्यावर
रात्र सोडत नाही आम्ही."

तेव्हापासून प्रत्येक तारीख दोन ठिकाणी,
भिंतीवर आणि मोबाईलमध्ये.
मुदतीच्या दहा दिवस आधी फोन वाजतो,
तीन दिवस आधी परत वाजतो,
माझा एकटीचा नाही, नव्या मुलाचाही.
दोघांनी बघितल्याशिवाय कुणी गप्प करायचा नाही.

फाईलचं नाव सालापासून सुरू कर.
"होडेकर नवीन", "होडेकर फायनल", "होडेकर फायनल खरंच",
अशी एक भाऊबंदकी माझ्या संगणकात नांदते.
एक प्रत ऑफिसात, एक क्लाऊडवर,
एक तुझ्या आत्याकडे कुडाळला,
पण तांदळाच्या डब्यात नको.
इन्व्हर्टर घे. वाद घालू नकोस, घे.

नवा माणूस आला की समोरच्याचं नाव आधी विचार,
दिलासा मागाहून.
आपल्याकडे सगळे सगळ्यांचे कुणीतरी लागतात.
जुन्या याद्यांत नाव शोधलं नाहीस
तर एका वहिवाटीचे दोन्ही चुलते
तुझ्याच बाकावर पाणी पीत बसतील.

फी पहिल्या दिवशी, लिहून, सहीसकट.
लाजू नकोस. माझ्या लाजेची थकबाकी
अजून मालवणपर्यंत पसरलीय.
कुणी आगळ आणला तर घे, पण तोही लिही.
हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये आगळाला रकाना नाही,
मी "इतर जमा"त घालते:
चार बाटल्या, एक गळकी.

बाबल हल्ली मंगळवारी येतात, रिक्षाने.
मी मोबाईलवरून बोर्ड वाचते,
ते डाव्या हाताचं बोट टेबलावर ठेवून ऐकतात.
परवा एका तारखेला बोट दोनदा आपटलं.
मी म्हटलं, ॲपवर हीच आहे.
पुन्हा आपटलं.
कोर्टात फोन केला. त्या दिवशी
जत्रेची स्थानिक सुट्टी.

दुरुस्त केली. दोन्ही ठिकाणी.

हमीदभाईंच्या अर्जाचं विचारशील.
अजून तारीखच पडतेय. पुढची अठ्ठावीस.
तूही लिहून ठेव.