खिसे रिकामे करून द्यावेत

चितालिश्तेत आज फुकट सिनेमा.
चितालिश्ते म्हणजे आमचं वाचनालय, नाटकघर, लग्नाचा हॉल, सगळं एकच.
पडद्यावर आमचंच गाव.
डॅन्यूब जरा जास्त रुंद दिसते,
आणि बर्फ, तो तर सोफियाहून ट्रकने आणलेला, कागदी.
एप्रिलपर्यंत माझ्या दुकानाच्या पायरीला चिकटून होता.

सिनेमातला इन्स्पेक्टर देखणा आहे.
बीटाच्या शेतातून धावला तरी
त्याच्या कोटाची इस्त्री मोडत नाही.
खरा गर्वालोव बुटका होता, नाक कायम वाहणारं.
गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन लाँड्रीत यायचा.
"रुसालिया, हा एकच आहे गं, संध्याकाळपर्यंत दे."
त्या हिवाळ्यात अकरा वेळा धुतला मी तो कोट.
चिखलावरून कळायचं मला, आज कुठे भटकला:
लाल असला तर वीटभट्टी,
काळा, शेवाळाच्या वासाचा, तर नदीकाठ.

पाव तेव्हा सकाळी एका भावाने, दुपारी दुसऱ्या.
रांगेतल्या बायका एकमेकींचा दंड धरून घरी जायच्या.
तिघी मेल्या.
झाडांवर, दारांवर त्यांचे कागद लागले,
काळी चौकट, फोटो, खाली वय.
आमच्यात असंच: मेलेलं माणूस भिंतीवर राहायला येतं.
चाळीस दिवसांनी नवा कागद, वर्षाने नवा, दहा वर्षांनीसुद्धा.
शूटिंगवाल्यांनी खोटे चिकटवले
तर म्हाताऱ्या त्यांच्यापुढेही थांबल्या,
छातीवर क्रूस रेखला, आणि म्हणाल्या,
कुणाची गं ही?

सिनेमातला खुनी बोटीवरून उतरतो.
कानात वाळी, बोली वेगळी, कुणाचाच कुणी नाही.
तो दिसला तसा अख्खा हॉल
खुर्चीत सैल होऊन बसला.

यादी मात्र सिनेमात नाही.
चौकटीच्या वहीचा कागद, चार घड्या,
कोटाच्या डाव्या, आतल्या खिशात.
पेन्सिलीने लिहिलेले गावातले पुरुष:
बेकरीवाला, पाद्री, गणिताचे मास्तर,
त्याचा स्वतःचा मुलगा, मग तो स्वतः.
कुणालाही सोडलं नव्हतं, आणि एकेक करून खोडलेलं.
एक नाव तेवढं राहिलेलं.
त्याच्याभोवती पेन्सिल इतकी फिरली होती
की कागद विरायला आला होता.

माझ्या दुकानात पाटी आहे, अजूनही आहे:
खिसे रिकामे करून द्यावेत. मागाहून तक्रार चालणार नाही.
मी नाव वाचलं.
घड्या होत्या तशा घातल्या, कागद खिशात ठेवला,
खिशाचं बटण लावलं,
आणि पाणी सोडलं. गरम.

संध्याकाळी त्याने खिशात हात घातला.
बोटांना लगदा लागला, लापशीसारखा.
माझ्याकडे बघितलं. पाटीकडे बघितलं.
"डाग छान निघालाय," म्हणाला,
पैसे मोजून ठेवले आणि गेला.

नाव तर त्याच्या डोक्यात होतंच.
मग खिशात कशाला ठेवलं?
दर वेळी तर रुमालसुद्धा काढून घ्यायचा.
पंचवीस वर्षं मी हे उलटसुलट करून बघतेय.

त्या रात्रीपासून ओग्न्यानच्या खोलीला
मी बाहेरून कडी घालते.
तो कधी विचारत नाही, का म्हणून.
चौथी कुणी मेली नाही.
गेल्या साली गर्वालोवचा कागद माझ्याच दाराला लागला.
फोटोत तोच कोट. कॉलर मी ओळखली.

पडद्यावर खुनी नदीत पडतो. टाळ्या.
शेजारी माझा भाऊही वाजवतो, जरा उशिरा,
कारण मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पुडी.
टरफलं खिशात कोंबतो.
लहानपणापासून सांगतेय, ठेवू नकोस.
उद्या जाकीट धुवायच्या आधी
मीच त्याचे खिसे उलटे करून बघीन.
नेहमीच बघते.
टरफलांशिवाय
काही नसतं.